काशीचे संपादकाचार्य : बाबूराव विष्णु पराडकर

सन 1930 मधील गोष्ट. देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला होता, तुरुंग भरत होते आणि वृत्तपत्रांच्या गळ्याभोवती वटहुकमाचा फास आवळला गेला होता. अशा दिवसांत वाराणसीच्या 'आज' या हिंदी दैनिकाचा एक अंक वाचकांच्या हाती पडला. त्यात अग्रलेखाची जागा जवळजवळ कोरीच होती. ज्या जागी रोज दीड-दोन स्तंभ मजकूर असावयाचा, तेथे केवळ एक वाक्य छापलेले होते. देशाचे दारिद्र्य, परदेशी वाहून जाणारी संपत्ती, डोक्यावर पडणाऱ्या लाठ्या आणि देशभक्तांनी भरलेले कारागार हे सारे पाहून प्रत्येक देशभक्ताच्या अंतःकरणात जे अहिंसामूलक विचार उमटतील, तेच आजचे संपादकीय विचार समजावेत, असा त्या वाक्याचा आशय होता.

कायद्याच्या कचाट्यात सापडेल असा एकही शब्द त्यात नव्हता, आणि सांगावयाचे ते काहीही शिल्लक राहिलेले नव्हते. त्या दिवशीचा अग्रलेख वाचकानेच आपल्या मनात लिहावयाचा होता. हे धाडस आणि हा संयम ज्यांच्या ठिकाणी एकत्र नांदत होता, ते संपादक म्हणजे बाबूराव विष्णु पराडकर. हिंदी जगाने त्यांना 'संपादकाचार्य' ही पदवी आपण होऊन दिली. पण हिंदी ही त्यांची मातृभाषा नव्हती. काशीतल्या एका महाराष्ट्रीय कुटुंबात, मराठी बोलणाऱ्या आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला होता.

काशी आणि महाराष्ट्र यांचा संबंध पुरातन आहे. सोळाव्या शतकात नारायणभट्टांनी तेथे विद्वत्तेची गादी स्थापन केली. त्याच भट्ट घराण्यातील गागाभट्ट शिवराज्याभिषेकासाठी 1674 साली रायगडावर आले. पुढे पेशवाईत ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात मराठी वस्ती दाटली, आणि अहल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. वेदपाठ, शास्त्रचर्चा आणि यात्रेकरूंची उठबस यांवर या वस्तीचा चरितार्थ चाले. परंतु या वस्तीने काशीला आणखी एक गोष्ट दिली, तिची आठवण क्वचितच काढली जाते. 1845 मध्ये काशीहून 'बनारस अखबार' हे देवनागरी लिपीतील पत्र निघाले. त्याचे पुरस्कर्ते होते राजा शिवप्रसाद, आणि संपादक होते गोविंद रघुनाथ थत्ते. हिंदी वृत्तपत्रांच्या अगदी आरंभकाळातच एक मराठी नाव असे कोरलेले आहे. त्या आरंभाला जे फळ पुढे यावयाचे होते, ते पराडकरांच्या रूपाने आले.

पराडकरांचा जन्म 16 नोव्हेंबर 1883 रोजी झाला. वडिलांचे नाव विष्णुशास्त्री आणि आईचे अन्नपूर्णाबाई. घरच्या परंपरेप्रमाणे प्रारंभीचे शिक्षण संस्कृतचे झाले. पुढे इंग्रजी शिक्षण बिहारमध्ये होऊन 1900 साली भागलपूरहून ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. संस्कृत, मराठी, हिंदी, बंगाली आणि इंग्रजी अशा पाच भाषांचे हे संस्कार त्यांना पुढे जन्मभर पुरले.

त्यांच्या आयुष्याला वळण लावणारी व्यक्ती म्हणजे सखाराम गणेश देउस्कर. नात्याने ते पराडकरांचे मामा. देवघरजवळच्या करौं गावी जन्मलेले देउस्कर हे मराठी रक्ताचे आणि बंगाली लेखणीचे गृहस्थ होते. 'हितवादी' या बंगाली पत्राशी ते निगडित होते. 1904 साली त्यांचे 'देशेर कथा' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. इंग्रजी राज्यात देशाचे धन कसे बाहेर जाते, कारागीर कसा बुडतो आणि शेतकरी कसा कर्जबाजारी होतो, याचे आकडेवारीनिशी केलेले विवेचन त्यात होते. वंगभंगाच्या चळवळीत ते पुस्तक तरुणांच्या हाती गेले, आणि 1910 मध्ये सरकारने ते जप्त केले. मामाच्या या ग्रंथाचे हिंदी रूपांतर भाच्याने केले. 'देश की बात' हे त्याचे नाव. लोकमान्यांच्या महाराष्ट्रातील जागृती बंगालमध्ये आणि बंगालमधील असंतोष हिंदी मुलखात पोहोचविण्याचे काम अशा प्रकारे या एका कुटुंबात चालू होते.

1906 साली पराडकर कलकत्त्यास गेले आणि 'हिंदी बंगवासी' या पत्रात साहाय्यक संपादक झाले. त्या काळचे कलकत्ता म्हणजे स्वदेशी आणि बहिष्कार यांनी धगधगणारे शहर. त्याच वर्षाच्या अखेरीस दादाभाई नौरोजी यांच्या अध्यक्षतेखाली तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि स्वराज्य हा शब्द अध्यक्षीय व्यासपीठावरून उच्चारला गेला. सहा महिन्यांतच पराडकर 'हितवार्ता' या हिंदी साप्ताहिकाचे संपादक झाले. सुमारे चार वर्षे त्यांनी ते पत्र चालविले. त्याच काळात नव्याने स्थापन झालेल्या बंगाल नॅशनल कॉलेजमध्ये ते हिंदी आणि मराठी शिकवीत. या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य अरविंद घोष होते, एवढे सांगितले म्हणजे तेथील हवेची कल्पना येईल.

1911 मध्ये ते 'भारतमित्र' या प्रतिष्ठित पत्रात अंबिकाप्रसाद वाजपेयी यांचे सहकारी म्हणून गेले. दिवसा लेखणी चालत होती, पण बंगालमधील क्रांतिकारक मंडळींशीही त्यांचा संबंध जडला होता. कलकत्त्यास येताना त्यांच्या मनात क्रांतीचा मार्ग होता, वृत्तपत्र हे त्या मार्गावरचे साधन होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर 1915 मध्ये सरकारने भारत संरक्षण कायदा केला. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, केवळ संशयावरून माणसाला स्थानबद्ध करता येई. आरोपपत्र नको, खटला नको, बचावाची संधीही नको. 1916 मध्ये पराडकर या जाळ्यात सापडले. जवळजवळ साडेतीन वर्षे ते स्थानबद्धतेत राहिले.

1920 मध्ये ते सुटले तेव्हा देशाचे राजकारण पालटलेले होते. जालियनवाला बागेचे रक्त अद्याप सुकले नव्हते. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि नेतृत्वाची धुरा गांधीजींकडे गेली. पराडकर कलकत्ता सोडून काशीस परतले. येथे त्यांची गाठ बाबू शिवप्रसाद गुप्त यांच्याशी पडली. गुप्तजी हे काशीतील धनाढ्य कुळातले आणि पराडकरांच्याच वयाचे. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या या देशभक्ताच्या मनात एक आकांक्षा होती. इंग्रजी पत्रांच्या तोडीचे, स्वतःच्या बुद्धीने चालणारे दैनिक हिंदीत निघावे, अशी ती आकांक्षा. त्यासाठी त्यांनी ज्ञानमंडळ ही संस्था काढली. 5 सप्टेंबर 1920 रोजी, जन्माष्टमीच्या मुहूर्तावर, 'आज'चा पहिला अंक निघाला. नेमक्या त्याच दिवसांत कलकत्त्यास काँग्रेसचे विशेष अधिवेशन असहकाराच्या ठरावावर विचार करीत होते. श्रीप्रकाश हे पहिले संपादक होते, आणि पराडकर आखणीच्या वेळेपासूनच त्यांच्याबरोबर होते. पहिल्या चार वर्षांनंतर प्रधान संपादकपदाची सारी जबाबदारी पराडकरांवर आली.

येथे दैनिक चालविणे म्हणजे काय होते, ते समजून घेतले पाहिजे. 1910 च्या मुद्रण कायद्याने नवीन छापखाना काढणाऱ्याकडून 500 ते 2000 रुपयांपर्यंत जामीन मागता येत असे, आणि मजकूर आक्षेपार्ह वाटला तर सरकार ती रक्कम जप्त करू शके. हा कायदा 1922 मध्ये रद्द झाला, तरी राजद्रोहाचे कलम कायम होतेच. एका अग्रलेखाने संपादक तुरुंगात जाई, छापखान्याला टाळे लागे आणि त्यावर पोट असलेले जुळारी, यंत्रचालक व विक्रेते उघड्यावर पडत. म्हणून संपादकाला प्रत्येक शब्द दोन तराजूंत तोलावा लागे. एका पारड्यात सत्य, दुसऱ्यात पत्राचे आयुष्य. केवळ धाडसाने पत्र एक दिवस गाजते आणि केवळ सावधगिरीने ते वर्षानुवर्षे निर्जीवपणे निघत राहते. पराडकरांचे कौशल्य या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवरून चालण्यात होते.

ही वाटसुद्धा कधीकधी बंद होई. एप्रिल 1930 मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांनी मुद्रणविषयक वटहुकूम काढला, आणि जामिनाची अट पुन्हा आली. जामीन देऊन मुकाट्याने छापावे, की पत्र बंद करावे, असा पेच देशातील राष्ट्रीय पत्रांपुढे उभा राहिला. 'आज'चे प्रकाशन थांबले, परंतु काशीतील बातम्या थांबल्या नाहीत. 'रणभेरी' नावाचे एक गुप्त पत्र शहरात फिरू लागले, त्यामागे पराडकरांचा हात होता. त्यासाठी छापखान्याची गरज नव्हती. मेणाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर टोकदार लेखणीने मजकूर कोरावयाचा, तो कागद चौकटीत बसवावयाचा आणि शाईचा रूळ फिरवून एकेक प्रत काढावयाची, हे सायक्लोस्टाइलचे साधे तंत्र. सारे सामान एका पेटीत मावे. आज एका गल्लीत, तर उद्या दुसरीत. काशीच्या अरुंद बोळांची ज्यांना माहिती आहे, त्यांना अशा पत्राचा माग काढणे पोलिसांना किती जड गेले असेल हे वेगळे सांगावयास नको. कलकत्त्यातील क्रांतिकारकांच्या सहवासात अंगी बाणलेली गुप्तता येथे उपयोगी पडली, फरक इतकाच की, त्या पेटीत पिस्तुलाऐवजी शाईचा रूळ होता.

राजकारण आणि पत्रकारिता यांची ही जोड केवळ आपल्याकडेच होती असे नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेची वस्ती पश्चिमेकडे सरकत असता, नव्या गावात शाळा आणि न्यायालय यांच्या बरोबरीने हातछपाईचे यंत्र येऊन पोहोचे. सकाळी पत्र काढणारा माणूस सायंकाळी निवडणुकीच्या सभेत उभा राही, आणि वृत्तपत्र हे पुष्कळांच्या बाबतीत विधिमंडळात जाण्याची पायरी ठरे. 'आज'च्या कार्यालयातही अशी पायरी होती. पहिले संपादक श्रीप्रकाश पुढे मद्रासचे राज्यपाल झाले, आणि 1956 पासून मुंबई राज्याचे व 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावर त्याचे पहिले राज्यपाल झाले. ज्ञानमंडळाच्या 'मर्यादा' मासिकाचे संपादन करणारे संपूर्णानंद 1954 मध्ये उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. पराडकरांच्या हाताखाली घडलेले कमलापती त्रिपाठी यांनीही 1971 मध्ये ते पद भूषविले.

पराडकर मात्र संपादकाच्या खुर्चीवरच राहिले. देशासाठी साडेतीन वर्षे स्थानबद्धता सोसलेल्या माणसाला स्वराज्यात पदाची वाट खुली नव्हती असे कसे म्हणता येईल? परंतु त्यांनी ती धरली नाही. राजकारण त्यांनी सोडले होते असे नव्हे. रोजच्या अग्रलेखात ते राजकारणच करीत होते. मात्र सत्तेवर टीका करण्याचा अधिकार हवा असेल तर सत्तेपासून काही अंतरावर बसले पाहिजे, हे त्यांच्या आयुष्यक्रमातूनच दिसून येते.

या अंतराची काळजी त्यांना पारतंत्र्यातच वाटू लागली होती. 1925 मध्ये वृंदावन येथे हिंदी संपादकांचे संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षस्थान पराडकरांना देण्यात आले. त्यावेळी केलेले त्यांचे भाषण हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात वारंवार स्मरले जाते. पुढील काळात आपली वृत्तपत्रे आकाराने मोठी होतील, छपाई सुंदर होईल, पाने चित्रांनी नटतील, लेखनात विविधता आणि कल्पकता येईल, ग्राहकांची संख्या लाखांवर जाईल, असे त्यांनी सांगितले. पण त्याचबरोबर त्यांनी असाही इशारा दिला की, पत्रांत प्राण राहणार नाही. पत्र चालविण्यास मोठे भांडवल लागेल, भांडवलाबरोबर मालकाची इच्छा येईल, आणि संपादकाला जे स्वातंत्र्य गरिबीच्या दिवसांत आहे ते समृद्धीच्या दिवसांत उरणार नाही.

ज्या काळी हिंदी दैनिके हाताच्या बोटांवर मोजता येत होती आणि शत्रू म्हणून केवळ परकीय सरकारच डोळ्यांसमोर होते, त्या काळी हे उद्गार निघाले, यात त्यांची दूरदृष्टी आहे. या भाकितामागील कार्यकारणभाव सरळ आहे. साधे पत्र थोड्या वर्गणीवर जगते, म्हणून ते वाचकाचे मिंधे असते. महागडे पत्र वर्गणीवर जगू शकत नाही. त्याला जाहिरात आणि भांडवल लागते, म्हणून ते त्यांचे मिंधे होते. पुढील शतकभरात यंत्रे पालटली, कागदाची जागा पुष्कळ अंशी पडद्याने घेतली, तरी या तर्कातील एकही दुवा निखळला नाही.

पराडकरांच्या कार्याचे दुसरे अंग भाषेचे आहे. त्याची घडण समजण्यासाठी दैनिकाच्या कचेरीत डोकावले पाहिजे. तारेने येणाऱ्या बातम्या इंग्रजीत असत. दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी काही तासांत त्या हिंदीत उतरवाव्या लागत. कोशात शब्द नसे, आणि विद्वत्परिषदेचा निर्णय येईपर्यंत थांबण्यास सवड नसे. अशा घाईत घडलेला शब्द चांगला असेल तर दुसऱ्या दिवशी हजारो वाचकांच्या तोंडी जाई, वाईट असेल तर तोही तितक्याच वेगाने पसरे. अनेक व्यक्तींच्या नावांपूर्वी लावावयाचा 'सर्वश्री', चलन फुगल्याची अवस्था सांगणारा 'मुद्रास्फीती', आणि 'राष्ट्रपती' हे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. 'राष्ट्रपती' हा शब्द आधी काँग्रेसच्या अध्यक्षाला लावीत. 1950 पासून तो प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचे नाव झाला. मराठीने 'मुद्रास्फीती'ऐवजी 'चलनवाढ' पत्करली, पण 'सर्वश्री' मात्र आपल्या सरकारी पत्रकांत आणि निमंत्रणपत्रिकांत सुखाने नांदतो. तो काशीच्या एका मराठी माणसाकडून हिंदीमार्गे आपल्याकडे आला, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. 'प्रगती', 'लागू', 'चालू', 'बाजू' हे शब्द हिंदीत मराठीतून आले, अशी नोंद हिंदीचे विख्यात व्याकरणकार कामताप्रसाद गुरू यांनी केली आहे. असे शब्द हिंदी वाचकाच्या अंगवळणी पाडण्यात मराठी घरांतून आलेल्या संपादकांचा वाटा मोठा आहे. 'छत्तीसगढ मित्र' आणि 'हिंदी केसरी'चे माधवराव सप्रे, 'भारतमित्र'चे संपादन करणारे काशीकर लक्ष्मण नारायण गर्दे, पराडकर, आणि 'आज'मधील रामकृष्ण रघुनाथ खाडिलकर ही त्या मालिकेतील काही नावे. त्यांनी मातृभाषा टाकून दिली नाही, तिच्यातील सकस बियाणे दुसऱ्या शेतात पेरले. हिंदी जगानेही परक्याचे म्हणून ते नाकारले नाही. 1938 मध्ये शिमला येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद पराडकरांना मिळाले, आणि संमेलनाने त्यांना 'साहित्यवाचस्पती' ही उपाधी दिली. भाषांच्या सीमांवरून वाद घालण्याची सवय जडलेल्या देशात या घटनेचे महत्त्व विसरू नये.

उत्तरायुष्यात त्यांना 'आज'पासून काही काळ दूर जावे लागले. 1943 ते 1947 या काळात त्यांनी काशीतील 'संसार' या दैनिकाचे संपादन केले. स्वातंत्र्याच्या वर्षी ते पुन्हा 'आज'मध्ये परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. 12 जानेवारी 1955 रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ग्रंथांच्या राशी त्यांनी मागे ठेवल्या नाहीत. गीतेवरील हिंदी टीका आणि मामाच्या पुस्तकाचा अनुवाद सोडला, तर त्यांचे बहुतेक लेखन जुन्या अंकांच्या पिवळ्या पानांत आहे. दैनिकात लिहिणाऱ्याच्या नशिबी हेच असते. त्याचे लेखन सकाळी वाचले जाते आणि सायंकाळी त्या कागदात वाण्याकडचा जिन्नस बांधला जातो. उरतो तो वाचकाच्या मनावरचा संस्कार आणि भाषेत मिसळून गेलेले शब्द.

वाराणसीच्या मैदागिन भागात पत्रकार संघाची एक वास्तू आहे, तिला 'पराडकर स्मृति भवन' असे नाव आहे. काशीयात्रेस जाणारा मराठी माणूस गंगास्नान करतो, विश्वेश्वराचे दर्शन घेतो, अहल्याबाईंचा घाट पाहतो आणि परततो. त्याने घाटांपासून थोडे आत वळून त्या वास्तूपुढे क्षणभर उभे राहण्यास हरकत नाही. 1930 सालच्या त्या कोऱ्या स्तंभात त्या दिवशीच्या वाचकांनी आपापल्या मनाने अग्रलेख लिहिला होता. तो स्तंभ प्रत्येक पिढीच्या पत्रकारांपुढे पुन्हा कोरा होऊन येतो.